परिपाठ : शाळेच्या दिवसाचा ओनामा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा इतिहासविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा राजेमहाराजांचा इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे मी प्रथमच सांगितले. मी बी.कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. मात्र आपल्यापैकी प्रत्येकाने ज्याचा अनुभव घेतला आहे आणि तरीही ज्याचा इतिहास फारसा कोणी पाहत नाही, असा एक विषय माझ्या मनात बरीच वर्षे होता. तो म्हणजे शाळेचा परिपाठ. घंटा होते, मुले रांगेत उभी राहतात, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना होते, कोणी सुविचार सांगतो, कोणी दिनविशेष वाचतो, कोणी बातम्या देतो आणि मग मुले वर्गात जातात. जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा हा कार्यक्रम. परंतु या पंधरा मिनिटांत आपल्या समाजाच्या कितीतरी शतकांच्या खुणा एकत्र नांदत आहेत. त्यांची ओळख करून घ्यावी आणि या वेळेचा आज अधिक चांगला उपयोग कसा होईल, याचा विचार मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ओनामा या शब्दाची कूळकथा

कोणत्याही कार्याच्या आरंभाला मराठीत आपण दोन शब्द वापरतो. एक ‘श्रीगणेशा’ आणि दुसरा ‘ओनामा’. पहिल्याचा अर्थ कोणालाही कळतो. दुसऱ्याचा मात्र अनेकांना सांगता येत नाही. ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचे बालमुखातील रूप म्हणजे ‘ओनामासिधं’. पूर्वी अक्षरओळखीपूर्वी मुलाकडून हे वचन म्हणवून व गिरवून घेत असत. सातवाहन राजाच्या दरबाराशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या शर्ववर्म्याच्या कातंत्र व्याकरणाशी आणि ते व्याकरण आपुलकीने जपणाऱ्या जैन परंपरेशी या वचनाचा संबंध अभ्यासक जोडतात. बौद्ध परंपरेतही ‘सिद्धम्’ हाच वर्णमालेच्या शिक्षणाचा आरंभ होता. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूने लिहून ठेवले आहे की, येथील मुले सहाव्या वर्षी सिद्धम् शिकू लागतात आणि सहा महिन्यांत ते पुरे करतात. जपानमधील बौद्ध मठांत आजही भारतीय वळणाच्या एका जुन्या लिपीला ‘सिद्धम्’ याच नावाने ओळखतात.

म्हणजे धर्म वेगळे, पंथ वेगळे. पण मुलाच्या हाती लेखणी देताना उच्चारला जाणारा शब्द एकच. पुढे त्याचा मूळ अर्थ लोक विसरले, तरी ‘आरंभ’ या अर्थाने तो घराघरांतील बोलीत राहिला. मंगलवचन म्हणणे आणि लगेच ते अक्षर हाताने गिरवणे, या दोन क्रिया त्या काळी एकमेकींस जोडलेल्या होत्या. हा मुद्दा वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावा, कारण लेखाच्या शेवटी आपल्याला पुन्हा त्याकडे वळायचे आहे.

पंतोजींच्या शाळेतील दिवस

इंग्रजी अमलाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील गावठी शाळांची पाहणी झाली होती. त्या कागदपत्रांचे संकलन रा. वि. परुळेकर यांनी पुढे प्रसिद्ध केले. त्यावरून दिसते की, या शाळांना स्वतंत्र इमारती क्वचितच असत. देवळाची ओसरी, एखाद्या सधन गृहस्थाचे घर किंवा पंतोजींचे राहते घर हीच शाळा. छापील पुस्तके नव्हतीच. लाकडी फळीवर धूळ किंवा बारीक माती पसरून त्यावर काडीने अक्षरे काढावयाची, ही धूळपाटी. हात बसला की बोरू आणि शाई. मोडीचे वळण, कित्ता, उजळणी आणि पाढे एवढा अभ्यासक्रम. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेत. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा होई. वजनमापे, नाणी आणि कापडाचे गज यांचा हिशेब तोंडी करावा लागत असे, म्हणून हे शिक्षण व्यापारी, शेतकरी, कुळकर्णी या सर्वांच्या उपयोगाचे होते. मुली मात्र त्यात जवळजवळ नव्हत्या, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांना त्या ओसरीची पायरी चढता येत नव्हती. जुन्या शाळेचे गुण गाताना ही उणीव झाकून ठेवता येणार नाही.

त्या काळी सुट्ट्यांचे कोष्टक पंचांगावर चाले. वेदपाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या हे अनध्यायाचे दिवस मानीत. रविवारची सुट्टी इंग्रजी राज्याबरोबर आली. दसऱ्याला पाटीपूजन होई. पाटीवर एकच्या आकड्यांची मांडणी करून सरस्वती काढावयाची, तिला फुले व आपट्याची पाने वाहावयाची, ही चाल अजूनही अनेक घरांत आहे. आम्हा व्यापाऱ्यांचे दिवाळीतील वहीपूजन हे याच भावनेचे दुसरे रूप होय. लिहिण्याच्या साधनाला नमस्कार करून वर्षाचा आरंभ करणारा हा समाज आहे.

परिपाठाची घडण

आजचा परिपाठ हा कोणा एका व्यक्तीने वा एका हुकमाने निर्माण केलेला नाही. तो थराथरांनी घडला आहे. सर्व धर्मांची प्रार्थना आणि श्रम यांनी दिवसाचा आरंभ करण्याची पद्धत महात्मा गांधींच्या आश्रमांतून आणि १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमच्या शाळांतून रुजली. महाराष्ट्रातील मराठी शाळांच्या प्रार्थनेवर सर्वांत खोल ठसा उमटला तो साने गुरुजींचा.

गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते व तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. या काळातील त्यांचे एक काम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. मुलांना वाचायला रोज नवा मजकूर मिळे. थोरांची चरित्रे, देशातील घडामोडी, छात्रालयातील वागणुकीसंबंधी दोन शब्द, असे विषय त्यात येत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. १९३० मध्ये शाळा सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. छपाईयंत्र नाही, वर्गणीदार नाहीत, वाचक म्हणजे छात्रालयातील मुले. तरीही एक शिक्षक हाताने लिहून ते पुढे ठेवतो. दिनविशेषाच्या फळ्याचा खरा पूर्वज मला येथे दिसतो.

प्रतिज्ञेची कथाही अशीच जाणून घेण्याजोगी आहे. ती मूळ तेलुगू भाषेत पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिली. ते त्या वेळी विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी होते, म्हणजे सरकारी तिजोरीचा हिशेब पाहणारे गृहस्थ. १९६३ मध्ये तेथील एका शाळेत ती प्रथम म्हटली गेली आणि २६ जानेवारी १९६५ पासून देशभरातील शाळांत तिचा प्रघात पडला. १९६७ साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभीच्या पानांवर ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ज्यांनी ती लिहिली, त्यांचे नाव मात्र अनेक दशके कोणाच्या ओठी नव्हते. १९८८ साली त्यांचे निधन झाले. कोट्यवधी मुलांच्या मुखी रोज ज्याचे शब्द असतात, त्या माणसाचे नाव त्या मुलांना ठाऊक नसावे, ही गोष्ट परिपाठाच्या एका दुखण्याकडे बोट दाखविते. आपण म्हणतो पुष्कळ, पण विचारीत नाही.

राष्ट्रगीत २७ डिसेंबर १९११ रोजी कोलकाता येथील काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायिले गेले व २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेने त्यास राष्ट्रगीताचा मान दिला. अलीकडच्या काळात परिपाठात आणखी भर पडली. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून महाराष्ट्रातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन व्हावे, असा निर्णय झाला. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांच्या आवाजात घरोघर पोहोचलेले महाराष्ट्रगीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले व तेही शाळेच्या दिवसारंभी आले. भर चांगलीच आहे. पण वेळ तेवढाच राहून म्हणावयाचे वाढत गेले, तर विचार करण्यास उरणारी मिनिटे कमी होतात, हेही खरे.

सुट्टीचा दिवस आणि शाळेचा दिवस

दिनविशेष हा परिपाठातील इतिहासाचा तास होय. वर्षभरातील काही दिवस पाहिले, तरी केवढी सामग्री हाताशी आहे हे कळते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती (१८३१). २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती (१९१२), तोच मराठी भाषा गौरव दिन. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशीच्या रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन. ५ सप्टेंबरला डॉ. राधाकृष्णन यांची जयंती, १९६२ पासून शिक्षक दिन. २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती (१८८७). कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचे रोपटे लावले आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली. १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांची जयंती, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन.

यात एक विचित्र गोष्ट अशी की, ज्या थोरांच्या जयंतीला सुट्टी असते, त्यांच्याविषयी त्या दिवशी शाळेत काहीच होत नाही, किंवा एक छोटा कार्यक्रम होऊन मुले घरी जातात. २ ऑक्टोबरला महात्माजी, १४ एप्रिलला बाबासाहेब, चैत्र शुद्ध त्रयोदशीला भगवान महावीर. सुट्टी मिळाली, एवढेच मुलाच्या लक्षात राहते. उत्तर प्रदेश शासनाने एप्रिल २०१७ मध्ये जयंती-पुण्यतिथीच्या पंधरा सुट्ट्या रद्द केल्या, त्यामागे मुलांना त्या दिवशी शाळेत त्या पुरुषांविषयी सांगितले जावे, हेच कारण दिले होते. सुट्टी असावी की नसावी, या वादात मी पडत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशीचा परिपाठ त्या व्यक्तीला दिला, तर सुट्टीही राहील आणि स्मरणही होईल.

७ नोव्हेंबरचे उदाहरण बोलके आहे. १९०० सालच्या या दिवशी भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत दाखल झाला. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे त्याचे नाव आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. ज्या मुलाला वर्गात वेगळे बसविले जाई, त्यानेच पुढे देशाच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. एखाद्या मुलाला शाळेत येण्याचे मोल सांगण्यास याहून मोठा प्रसंग कोणता? पण पुष्कळ वेळा ७ नोव्हेंबर दिवाळीच्या सुट्टीत येतो आणि निघून जातो. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी त्याची आठवण करणे मुळीच अवघड नाही.

तिथी, तारीख आणि शेजारधर्म

सण आणि सुट्ट्या यांतून कालगणनेचा इतिहास शिकविता येतो, ही गोष्ट तर फारच दुर्लक्षित आहे. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच, संक्रांत बहुधा १४ किंवा १५ जानेवारीला, दिवाळी पुढेमागे, आणि ईद दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे, असे का होते? चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे व सौरवर्ष ३६५ दिवसांचे. हिजरी कालगणना केवळ चंद्रावर चालते, म्हणून रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. आपल्या पंचांगात सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास घालून हा फरक भरून काढतात, म्हणून दिवाळी शरद ऋतू सोडीत नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विक्रम संवताबरोबर वीर निर्वाण संवतही बदलतो. आणि २२ मार्च १९५७ पासून, मेघनाद साहा समितीच्या शिफारशीनुसार, भारत सरकारने राष्ट्रीय सौर पंचांग स्वीकारले आहे.

शिवजयंतीचा प्रश्न तर मुलांना इतिहासकाराचे काम समजावून देणारा आहे. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही जन्मतिथी मानीत. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रकाशात आणली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा उल्लेख आढळला. इतर साधनांशी मेळ घालून संशोधकांनी ती तिथी ग्राह्य धरली, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने स्वीकारली. ही तारीखही इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या गणनेची आहे. इंग्लंडने १७५२ साली आपली दिनदर्शिका सुधारली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. आजच्या गणनेने पाहिले, तर शिवजन्माचा दिवस १ मार्च १६३० येतो. महाराजांविषयीचा आदर यात तिळमात्र कमी होत नाही. उलट, कागद तपासून, पुरावा पडताळून सत्य ठरवावे लागते, हा धडा मुलाला मिळतो.

दुसरा लाभ शेजारधर्माचा. वर्गात निरनिराळ्या घरांतील मुले बसतात. कोणाकडे पर्युषण, कोणाकडे रमजानचे रोजे, कोणाकडे बुद्धपौर्णिमा, कोणाकडे गुरुनानक जयंती. त्या त्या घरच्या मुलानेच आपल्या सणाविषयी चार शब्द सांगितले, तर बाकीच्यांना ते पुस्तकापेक्षा अधिक खरे वाटतात. अनेकांताची शिकवण याहून सोपी करून कशी सांगणार?

फळ्यापासून वहीपर्यंत

आता मूळ दुखण्याकडे येतो. आज बहुतेक शाळांत दिनविशेष वाचला जातो. परंतु तो कोठून तरी उतरवून आणलेला असतो. १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू झाल्यावर भिंतीवरची दिनदर्शिका घराघरांत माहितीचे साधन बनली. आता मोबाईलवर रोज सकाळी तयार मजकूर येतो. जन्म, मृत्यू, घटना अशी वीस-पंचवीस नावांची यादी एखादे मूल एका दमात वाचून टाकते आणि दुसऱ्या मिनिटाला ती विसरते. ऐकणाऱ्यांचे तर विचारावयासच नको. कित्येकदा तारखा चुकीच्या असतात आणि थोरांच्या नावावर त्यांनी कधीच न उच्चारलेले सुविचार खपविले जातात. अशा रीतीने वर्षाला दोनशेहून अधिक सकाळी आपण मुलांना न समजता ऐकण्याची सवय लावतो आहोत. ही सवय पुढे नागरिक झाल्यावरही सुटत नाही, म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

यावर उपाय मला आमच्या व्यवसायात दिसतो. पेढीवर रोजमेळ रोज लिहावा लागतो. आजचा उद्यावर ढकलला की मेळ बसत नाही. रोजमेळावरून खतावणी होते आणि वर्षअखेर धंद्याचे खरे चित्र समोर येते. तसाच मुलाचाही रोजमेळ असावा. परिपाठात यादी न वाचता एकच घटना नीट सांगावी. ती कोठे घडली, का घडली, आणि आज तिचा आपल्याशी काय संबंध, इतके पुरे. नंतर एक प्रश्न फळ्यावर लिहावा आणि पहिल्या तासाची सात-आठ मिनिटे प्रत्येक मुलाने त्यावर पाच ओळी स्वतःच्या लिहाव्यात.

प्रश्न असा हवा की, त्याचे उत्तर मोबाईलमध्ये सापडणार नाही. ३ जानेवारीला विचारावे, तुझी आजी किती शिकली आणि का थांबली? ७ नोव्हेंबरचा प्रश्न असा असावा की, शाळेत तुझा पहिला दिवस कसा गेला, घरच्यांना विचारून लिही. दसऱ्याच्या आधी, तुमच्या घरी कोणत्या वस्तूची पूजा होते व ती कोण वापरते? १९२१ साली सागरप्रवासात समुद्र निळा का, हा प्रश्न रामन यांना पडला आणि त्यातून पुढे मोठे संशोधन उभे राहिले. म्हणून २८ फेब्रुवारीला विचारावे, तुला पडलेला आणि कोणी उत्तर न दिलेला प्रश्न कोणता? १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. हा दिवस परीक्षा संपल्यावर येतो, म्हणून सुट्टीपूर्वीच विचारावे, तुझ्या गल्लीचे वा गावाचे नाव कशावरून पडले, सुट्टीत शोधून आण.

शिक्षकांवर आधीच कामाचा भार आहे, याची मला जाणीव आहे. या पाच ओळी तपासून गुण देण्याची गरज नाही. रोज दोन मुलांनी उभे राहून आपले लेखन वाचावे, एवढे पुरे. शुद्धलेखनाच्या चुका आठवड्यातून एकदा फळ्यावर समजाव्यात. महिन्याकाठी निवडक मजकूर भित्तिपत्रकावर लावावा आणि वर्षअखेर त्याचे हस्तलिखित बांधावे. ज्याला लिहिता येत नाही, त्याने बोलावे व मित्राने उतरवून घ्यावे. हळूहळू त्याचाही हात चालू लागेल.

समाजाने काय करावे

आपल्यासारख्या संस्था शाळांना इमारती, बाके, संगणक देतात. ते आवश्यकच आहे. त्याबरोबर प्रत्येक मुलामागे एक शंभर पानी कोरी वही, वर्गाला एक भित्तिपत्रकाचा फलक आणि शाळेच्या वाचनालयाला विश्वसनीय चरित्रग्रंथ व कोश देता आले, तर खर्च थोडा आणि लाभ दीर्घकाळाचा होईल. बालभारतीच्या ‘किशोर’सारखे १९७१ पासून चालत आलेले मासिक वर्गात यावे. वर्षअखेर सर्वोत्तम हस्तलिखिताला बक्षीस द्यावे, आणि ते एका मुलाला न देता संपूर्ण वर्गाला द्यावे. आपल्यातील ज्येष्ठांनी आठवड्यातून एखाद्या सकाळी शाळेत जाऊन मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. जुन्या बाजारपेठेचा, दुष्काळाचा, गावच्या पहिल्या एस.टी.चा इतिहास आपल्यापाशी आहे. तो आपल्याबरोबर जाण्यापूर्वी कोणाच्या तरी वहीत उतरला पाहिजे.

‘ओनामा’ म्हणताना मूल पूर्वी लगेच धुळीत अक्षर उमटवीत असे. उच्चार आणि लेखन यांची ती जोडी पुढे कोठेतरी तुटली. ती पुन्हा जोडण्याचे काम मोठ्या योजनेचे नाही. एक घटना, एक प्रश्न, पाच ओळी एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्यात या छोट्या उपक्रमास स्थान मिळावे, अशी नम्र विनंती करून आणि सर्व विश्वस्त, शिक्षक व विद्यार्थी यांना सुवर्णमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा देऊन हा लेख पूर्ण करतो.